स्वयंदुरुस्तीक्षम सॉफ्टवेअर प्रणाली

चालू असताना स्वतःमध्ये उद्भवलेला बिघाड ओळखून, माणसाच्या मदतीची वाट न पाहता आपले नेमून दिलेले काम पूर्ववत सुरू करणाऱ्या संगणकीय प्रणालीस स्वयंदुरुस्तीक्षम सॉफ्टवेअर प्रणाली असे म्हणतात. दूरध्वनी केंद्रे, बँकांचे व्यवहार, अंतराळयाने आणि इंटरनेटवरील मोठ्या सेवा यांमध्ये अशा प्रणाली वापरल्या जातात. त्यांची रचना दोन गृहीतांवर उभी असते. बिघाड केव्हा ना केव्हा होणारच, हे पहिले गृहीत. आणि तो होईल त्या क्षणी दुरुस्त करणारा जाणकार माणूस जवळ असेलच असे नाही, हे दुसरे.

येथे ‘दुरुस्ती’ हा शब्द मर्यादित अर्थाने घ्यावा लागतो. बहुतेक प्रणाली बिघाडाचे मूळ कारण नाहीसे करत नाहीत, तर त्या कारणाचा परिणाम आवरून सेवा पुन्हा सुरू करतात. मूळ कारण शोधून आज्ञावलीत कायमचा बदल करण्याचे काम आजही मुख्यतः माणसाकडेच आहे. हा फरक दुर्लक्षिला गेल्यास काय घडते, याची अनेक उदाहरणे या विषयाच्या इतिहासात आढळतात.

संज्ञा आणि व्याप्ती

विश्वासार्ह संगणनाच्या शास्त्रात दोष, त्रुटी आणि अपयश या तीन संज्ञा वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात. दोष म्हणजे बिघाडाचे मूळ कारण; उदाहरणार्थ, व्याजाच्या आकारणीत लीप वर्षाचा विचार न करणारी आज्ञावलीतील एक ओळ. ती ओळ प्रत्यक्ष वापरली जाऊन संगणकाच्या स्मृतीत चुकीची रक्कम तयार झाली, की तिला त्रुटी म्हणतात. ती रक्कम खातेदाराच्या पासबुकात उमटली, की ते अपयश होय. दोष वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. स्वयंदुरुस्तीचा मुख्य प्रयत्न त्रुटी वेळीच ओळखून तिचे रूपांतर अपयशात होऊ न देण्याचा असतो.

प्रणाली किती काळ सेवा देऊ शकते, याचे माप म्हणजे तिची उपलब्धता. दोन बिघाडांमधील सरासरी कार्यकाळास, तो कार्यकाळ आणि दुरुस्तीचा सरासरी काळ यांच्या बेरजेने भागले असता उपलब्धता मिळते. समजा, एखादी प्रणाली सरासरी १,००० तास चालून बंद पडते आणि ती सुरू करण्यास १० तास लागतात. तिची उपलब्धता सुमारे ९९ टक्के येते. दुरुस्तीचा काळ ६ मिनिटांवर आणल्यास तीच उपलब्धता ९९.९९ टक्के होते. दुरुस्तीचा काळ १० तासच ठेवून हे साधायचे असेल, तर प्रणाली सुमारे १ लाख तास, म्हणजे ११ वर्षांहून अधिक काळ, न बिघडता चालली पाहिजे. असे निर्दोष सॉफ्टवेअर लिहिणे जवळजवळ अशक्य असते, तर लवकर सावरणारे सॉफ्टवेअर लिहिणे प्रयत्नसाध्य असते. स्वयंदुरुस्तीच्या विचारामागील हा मूलभूत हिशेब होय.

इतिहास

प्रारंभ

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग हे आठवड्याच्या सुटीत आपली गणिते संगणकावर लावून ठेवीत. त्या यंत्रास चूक झाल्याचे कळत असे. परंतु ती सुधारता येत नसल्याने ते काम अर्धवट सोडून पुढच्या कामास लागे. यंत्रास चूक कळते, तर तिचे स्थान शोधून ती सुधारताही यावी, या विचारातून हॅमिंग यांनी त्रुटी सुधारणारी संकेतपद्धती तयार केली. ती इ.स. १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. जॉन फॉन नॉयमन यांनी १९५२ च्या व्याख्यानांत अविश्वसनीय घटकांपासून विश्वसनीय यंत्र कसे घडवावे, याचे गणिती विवेचन केले. ते १९५६ मध्ये छापले गेले. पुढे अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत अल्गिर्दास अविझिएनिस यांच्या नेतृत्वाखाली ‘स्टार’ हा स्वतःची तपासणी व दुरुस्ती करणारा प्रायोगिक संगणक तयार झाला.

अपोलो ११

२० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ मोहिमेचे चांद्रयान चंद्रपृष्ठावर उतरत असताना त्याच्या मार्गदर्शक संगणकाने पाच मिनिटांच्या आत पाच वेळा धोक्याचा इशारा दिला. त्यांपैकी चार इशारे १२०२ या क्रमांकाचे, तर एक १२०१ या क्रमांकाचा होता. भेट-रडारकडून अनपेक्षित संकेत येत राहिल्याने संगणकावर कामाचा अतिरिक्त भार पडला होता. प्रत्येक इशाऱ्याच्या वेळी संगणकाने स्वतःचा पुनरारंभ केला, कमी महत्त्वाची कामे सोडून दिली आणि यान उतरविण्याचे काम जेथे थांबले होते तेथून पुढे चालू ठेवले. कामांना प्राधान्यक्रम देणारी मूळ रचना हॅल लॅनिंग यांची होती, तर उड्डाण-सॉफ्टवेअर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत मार्गारेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखालील गटाने सिद्ध केले होते. कोणते काम सोडून द्यायचे हे आधीच ठरलेले असल्यामुळे ऐनवेळी निर्णयाचा घोळ झाला नाही.

दूरध्वनी आणि बँका

१९७४ मध्ये स्थापन झालेल्या टँडम या अमेरिकी कंपनीने बँका व शेअर बाजारांसाठी न थांबणारे संगणक बनविले. त्यांत प्रत्येक महत्त्वाच्या प्रक्रियेची एक राखीव जोडीदार प्रक्रिया दुसऱ्या संगणकावर तयार असे. टँडममधील संशोधक जिम ग्रे यांनी १९८५ च्या अहवालात सॉफ्टवेअरमधील दोषांचे दोन प्रकार सांगितले. एका प्रकारचे दोष तीच कृती केल्यावर दर वेळी हमखास प्रकट होतात; अशा दोषांपैकी बहुतेक चाचणीतच सापडतात. दुसऱ्या प्रकारचे दोष क्षणिक परिस्थितीवर अवलंबून असतात आणि शोधू गेल्यास दिसेनासे होतात. वापरात आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे दोष उरतात. त्यामुळे तेच काम पुन्हा केल्यास ते बहुधा यशस्वी होते. ‘बंद करून पुन्हा चालू करा’ या सर्वपरिचित उपायामागील कारणमीमांसा हीच आहे.

स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९८६ पासून जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी दूरध्वनी केंद्रांसाठी एर्लँग ही संगणकभाषा विकसित केली. तीत प्रणालीची विभागणी परस्परांची स्मृती न वापरणाऱ्या असंख्य छोट्या प्रक्रियांमध्ये केली जाते. एखादी प्रक्रिया बिघडल्यास तिने स्वतः सावरण्याची धडपड न करता बंद पडावे आणि तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या दुसऱ्या प्रक्रियेने तिला नव्याने सुरू करावे, असा दंडक आहे. ठरावीक काळात ठरावीक संख्येपेक्षा अधिक वेळा पुनरारंभ करावा लागला, तर देखरेख करणारी प्रक्रियाही थांबते आणि प्रश्न आपल्या वरच्या प्रक्रियेकडे सोपविते. आजारी माणसाने स्वतःच स्वतःचे निदान करू नये, असे या पद्धतीचे सार सांगता येईल.

स्वायत्त संगणन

२००१ मध्ये आयबीएम कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख पॉल हॉर्न यांनी ‘स्वायत्त संगणन’ ही कल्पना मांडली. संगणकप्रणालींची गुंतागुंत इतकी वाढत आहे, की त्या सांभाळण्यास पुरेशी कुशल माणसे मिळणार नाहीत, असा इशारा त्यांनी दिला. श्वसन, हृदयाचे ठोके आणि शरीराचे तापमान यांचे नियमन मानवी मज्जासंस्था जसे नकळत करते, तसे संगणकप्रणालीने स्वतःचे नियमन करावे, असे हे रूपक होते. स्वयंरचना, स्वयंदुरुस्ती, स्वयंसुधारणा आणि स्वसंरक्षण हे स्वायत्त प्रणालीचे चार गुण मानले गेले. जेफ्री केफार्ट आणि डेव्हिड चेस यांनी २००३ मधील लेखात या कल्पनेस व्यवस्थित आराखड्याचे रूप दिले. याच सुमारास बर्कली व स्टॅनफर्ड विद्यापीठांत डेव्हिड पॅटरसन, अर्मांडो फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पुनर्प्राप्ति-केंद्री संगणन’ हा प्रकल्प राबविला.

कार्यपद्धती

स्वयंदुरुस्तीक्षम प्रणालीचे काम सामान्यतः एका अखंड चक्राच्या रूपाने चालते. त्याचे चार टप्पे आहेत.

१. निरीक्षण : प्रतिसादास लागणारा वेळ, स्मृतीचा वापर, चुकांची संख्या इत्यादी मापे सतत गोळा करणे.
२. विश्लेषण : ही मापे अपेक्षित मर्यादेत आहेत का ते पाहणे आणि नसल्यास बिघाड कोणत्या घटकात आहे याचा अंदाज बांधणे.
३. नियोजन : उपलब्ध उपायांपैकी कोणता, कोणत्या क्रमाने करावा हे ठरविणे.
४. अंमलबजावणी : तो उपाय करणे आणि पुन्हा निरीक्षणाकडे वळणे.

या चारही टप्प्यांना प्रणालीविषयीच्या सामायिक ज्ञानाचा आधार लागतो. प्रणालीची रचना कशी आहे, तिची निरोगी स्थिती कोणती आणि पूर्वी कोणता उपाय लागू पडला, ही माहिती त्यात मोडते. निरोगी स्थितीची व्याख्याच चुकली, तर उरलेले सर्व टप्पे बिनचूक पार पडूनही निष्पत्ती चुकीची येते.

आधुनिक काळात या चक्राचे सर्वाधिक प्रचलित उदाहरण म्हणजे कुबरनेटिस ही प्रणाली होय. ती गूगल कंपनीने २०१४ मध्ये खुली केली. एखाद्या सेवेच्या किती प्रती चालू असाव्यात, ही इच्छित स्थिती चालक लिहून देतो. प्रणाली प्रत्यक्ष स्थितीची तिच्याशी सतत तुलना करते आणि तफावत आढळल्यास ती भरून काढते. पाच प्रती हव्या असताना एक बंद पडली, तर नवी सुरू केली जाते. एखादी प्रत पुन्हा पुन्हा कोसळत असेल, तर दोन प्रयत्नांमधील विराम १०, २०, ४० सेकंद असा दुप्पट होत जातो आणि मूळ योजनेनुसार ५ मिनिटांवर स्थिरावतो. निष्फळ प्रयत्नांत संपूर्ण यंत्रणेची शक्ती खर्च होऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

प्रमुख तंत्रे

पहारेकरी घड्याळ : चालू असलेल्या आज्ञावलीने ठरावीक अवधीत ‘मी ठीक आहे’ असा संकेत द्यायचा असतो. तो न मिळाल्यास स्वतंत्र घड्याळ यंत्राचा पुनरारंभ घडविते. कारखान्यांतील नियंत्रक, वाहने व उपग्रह यांत हे तंत्र सर्रास आढळते.

सूक्ष्म पुनरारंभ : संपूर्ण प्रणाली बंद न करता केवळ संशयित भाग नव्याने सुरू केला जातो. जॉर्ज कँडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे तंत्र मांडले. यासाठी महत्त्वाची माहिती त्या भागाच्या बाहेर सुरक्षित ठेवलेली असावी लागते.

जतनबिंदू आणि माघार : प्रणालीची निरोगी स्थिती ठरावीक अंतराने जतन केली जाते आणि बिघाड झाल्यास त्या स्थितीकडे परतता येते. नवी आवृत्ती सदोष निघाल्यास जुनीकडे आपोआप परतणे हा याचाच प्रकार होय.

माहितीची स्वयंदुरुस्ती : २००५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने खुल्या केलेल्या झेडएफएस या संचिकाप्रणालीत प्रत्येक मजकुरासोबत त्याची पडताळणी-संख्या ठेवलेली असते. वाचलेला मजकूर त्या संख्येशी जुळला नाही, तर दुसऱ्या तबकडीवरील शुद्ध प्रत वाचकास दिली जाते आणि बिघडलेली प्रत तिच्या आधारे सुधारली जाते.

परिपथ-खंडक : घरातील वीज तोडणाऱ्या खटक्याप्रमाणे, प्रतिसाद न देणाऱ्या सेवेकडे जाणाऱ्या विनंत्या काही काळ थांबविल्या जातात. मायकेल नायगार्ड यांच्या २००७ मधील ‘रिलीज इट’ या पुस्तकामुळे हे तंत्र लोकप्रिय झाले.

नवसंजीवन : दीर्घकाळ चालू राहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सूक्ष्म चुका साचत जातात, यास सॉफ्टवेअरचे वार्धक्य म्हणतात. बिघाडाची वाट न पाहता सोयीच्या वेळी मुद्दाम पुनरारंभ करणे हा त्यावरील उपाय होय. १९९५ मध्ये बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी ही कल्पना शास्त्रशुद्ध रीतीने मांडली.

मुद्दाम घडविलेले बिघाड : स्वयंदुरुस्तीची यंत्रणा वापरात आली नाही, तर ती स्वतःच नादुरुस्त असल्याचे कळत नाही. म्हणून नेटफ्लिक्स कंपनीने चालू सेवेतील संगणक यदृच्छेने बंद पाडणारी ‘केऑस मंकी’ ही आज्ञावली तयार केली आणि २०१२ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली.

आज्ञावलीची स्वयंचलित दुरुस्ती : सदोष ओळी शोधून त्यांत स्वतःहून बदल करणारी ही शाखा सर्वांत महत्त्वाकांक्षी आहे. वेस्टली वाइमर, स्टेफनी फॉरेस्ट, क्लेअर ल गूस आणि थान्हवू न्गुयेन यांच्या २००९ मधील संशोधनातून पुढे आलेल्या ‘जेनप्रोग’मध्ये, सजीवांच्या उत्क्रांतीप्रमाणे आज्ञावलीत असंख्य फेरफार करून त्यांतील चाचणीस उतरणारे निवडले जातात. २०१६ मध्ये लास व्हेगास येथे अमेरिकी संरक्षण संशोधन संस्था ‘डार्पा’ने घेतलेल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत सात प्रणालींनी माणसाच्या मदतीवाचून सुरक्षा-दोष शोधले व बुजविले, ‘मेहेम’ ही प्रणाली विजयी ठरली.

उल्लेखनीय घटना

एटी अँड टी दूरध्वनी जाळे, १९९० : १५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कमधील एका दूरध्वनी केंद्राने किरकोळ बिघाडानंतर स्वतःस काही सेकंदांत सावरले आणि आपण पुन्हा कामास सज्ज असल्याचे शेजारच्या केंद्रांना कळविले. काही आठवड्यांपूर्वी बसविलेल्या नव्या आज्ञावलीतील एका चुकीमुळे, असे दोन संदेश पाठोपाठ आल्यास ते घेणारे केंद्र बिघडत असे. ते केंद्र सावरून पुन्हा तसेच संदेश पाठवी आणि बिघाड पुढे सरके. देशभरातील ११४ केंद्रे या फेऱ्यात सापडली आणि दूर पल्ल्याची सेवा सुमारे ९ तास विस्कळीत झाली. येथे दुरुस्तीची यंत्रणाच साथीची वाहक ठरली.

पेट्रियट क्षेपणास्त्र, १९९१ : सौदी अरेबियातील दहरान येथील पेट्रियट प्रणाली काळाची मोजणी सेकंदाच्या दशांशांत करीत असे. एकदशांश ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. त्यामुळे प्रत्येक मोजणीत अत्यल्प चूक साचत गेली. प्रणाली १०० तासांहून अधिक काळ सलग चालू राहिल्याने ही चूक सुमारे ०.३४ सेकंद झाली. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी येणाऱ्या स्कड क्षेपणास्त्राचा शोध तिने आकाशात चुकीच्या ठिकाणी घेतला. ते क्षेपणास्त्र सैनिकांच्या निवासस्थानावर आदळून २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. पुनरारंभ केल्यास ही चूक शून्यावर येत असे आणि त्यास एक-दीड मिनिटच लागत असे. प्रणाली फार काळ सलग चालवू नये अशी सूचना गेली होती. परंतु ‘फार काळ’ म्हणजे किती, हे तीत नव्हते. सुधारित सॉफ्टवेअर दहरानला पोहोचले, ते दुसऱ्या दिवशी.

मार्स पाथफाइंडर, १९९७ : ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या या यानाच्या संगणकाचा वारंवार पुनरारंभ होऊ लागला. हवामानविषयक कमी प्राधान्याचे काम एक सामायिक साधन अडवून ठेवी, मध्यम प्राधान्याची कामे त्यास पुढे सरकू देत नसत आणि त्यामुळे उच्च प्राधान्याचे काम खोळंबे. हे लक्षात येताच पहारेकरी यंत्रणा पुनरारंभ घडवी. तिच्यामुळे यान वाचत होते. पण दर वेळी त्या दिवसाचे उरलेले काम बुडे. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीत दोष शोधून दुरुस्ती मंगळावर पाठविली, तेव्हाच प्रश्न सुटला.

स्पिरिट रोव्हर, २००४ : जानेवारी २००४ मध्ये मंगळावरील स्पिरिट या फिरत्या यानाच्या साठवण-स्मृतीतील संचिकांची संख्या वाढल्यामुळे संगणक सुरू होतानाच अडखळू लागला. अडखळणे आणि पुनरारंभ यांच्या चक्रात तो ६० हून अधिक वेळा फिरला. विश्रांतीअभावी विजेरीही उतरू लागली. ती स्मृती न वापरता संगणक सुरू करण्याची आज्ञा पृथ्वीवरून दिल्यावर हे चक्र तुटले. त्यानंतर स्पिरिटने २०१० पर्यंत काम केले.

फेसबुक, २०२१ : ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या एका आज्ञेमुळे कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले. आपला माहितीकेंद्रांशी संपर्क होत नाही, याअर्थी आपणच बिघडलो आहोत, असा निष्कर्ष काढून नाव-पत्त्यांची सेवा देणाऱ्या संगणकांनी इंटरनेटवरून स्वतःस आपोआप मागे घेतले. एखाददुसरा संगणक बिघडला असता तर हा निर्णय योग्य ठरला असता. येथे तो सर्वांनी एकाच वेळी घेतल्याने संपूर्ण सेवा सुमारे ६ तास अदृश्य झाली. अभियंत्यांची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने दुरुस्तीस विलंब लागला.

भारतीय अंतराळ मोहिमा

पृथ्वीपासून दूर असलेल्या यानास आज्ञा पोहोचण्यास लागणारा वेळ हे स्वयंदुरुस्तीचे सर्वांत सबळ कारण आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा संदेशास एका दिशेने सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. त्यामुळे कक्षाप्रवेशाच्या आज्ञा यानात आधीच भरून ठेवल्या होत्या. जून २०१५ मध्ये पृथ्वी व मंगळ यांच्या दरम्यान सूर्य आल्याने सुमारे पंधरवडाभर संपर्क तुटला. त्या काळात यानाने स्वतःची काळजी स्वतः घेतली. २०१९ मध्ये चांद्रयान २ चा अवतरक कोसळल्यानंतर चांद्रयान ३ ची आखणी, काय काय बिघडू शकते याची यादी करून आणि तरीही उतरता यावे या दृष्टीने करण्यात आली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात सुखरूप उतरले.

मर्यादा आणि टीका

राखीव घटक मूळ घटकासारखाच असेल, तर दोघांत दोषही सारखाच असतो. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणात राखीव आणि मुख्य मार्गदर्शक संगणक एकाच आज्ञावलीतील एकाच चुकीमुळे पाठोपाठ बंद पडले आणि अग्निबाण नष्ट झाला. यंत्रातील झिजेवर जोडीचा घटक हा उपाय आहे. विचारातील चुकीवर नाही.

दुसरी मर्यादा दुरुस्तीच्या वाटेची आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. त्यांपैकी अनेक सुरूच होऊ न शकल्याने सुधारित संचिका त्यांच्यापर्यंत पोहोचेना आणि बऱ्याच ठिकाणी माणसांना एकेका यंत्रासमोर बसून दुरुस्ती करावी लागली. दुरुस्ती करणारा भाग बिघडणाऱ्या भागावर अवलंबून नसावा, हे तत्त्व यातून अधोरेखित झाले.

आज्ञावलीच्या स्वयंचलित दुरुस्तीवरही आक्षेप आहेत. २०१५ मध्ये मार्टिन रिनार्ड यांच्या गटाने ‘जेनप्रोग’ व तत्सम साधनांनी केलेले बदल तपासले. त्यांपैकी बहुसंख्य बदल चुकीचे असून अनेकांनी मूळ सुविधाच काढून टाकल्याचे आढळले. चाचणीत उत्तीर्ण होणे आणि बरोबर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

सर्वांत गंभीर आक्षेप मानवी कौशल्याविषयीचा आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मधील लेखात स्वयंचलनातील विसंगती दाखवून दिल्या. यंत्रे नेहमीची कामे करू लागली, की माणसाचा सराव तुटतो. परंतु यंत्राच्या आवाक्याबाहेरचा प्रसंग आला, की त्याच माणसाने तत्काळ आणि अचूक निर्णय घ्यावा अशी अपेक्षा असते. स्वयंदुरुस्ती जितकी यशस्वी, तितके असे प्रसंग विरळ. आणि जितके विरळ, तितकी त्यांसाठीची तयारी कमी. म्हणून प्रणालीने केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवावी, ती माणसाने नियमित पाहावी आणि ठरावीक प्रयत्नांनंतर प्रणालीने स्वतःहून थांबून मदत मागावी, असे संकेत रूढ झाले आहेत.

१९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर १ या यानाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्मृतीतील एक चिप निकामी होऊन यानाकडून निरर्थक मजकूर येऊ लागला. यानातील संरक्षणयोजना ते जिवंत ठेवीत होती. पण हरवलेला आज्ञावलीचा भाग ती परत आणू शकत नव्हती. संदेश जाऊन उत्तर येण्यास सुमारे ४५ तास लागत असताना अभियंत्यांनी त्या भागाचे तुकडे करून ते स्मृतीत अन्यत्र बसविले. २० एप्रिल २०२४ रोजी यानाने आपल्या प्रकृतीची सुबोध माहिती पुन्हा पाठविली.

हेही पाहा

दोषसहिष्णुता
त्रुटी सुधारणारे संकेत
स्वायत्त संगणन
एर्लँग (संगणकभाषा)
मंगळयान